रंग पुसायचा की परत आणायचा?

दोन भुवयांच्या मधोमध टिकलीएवढाच गोल पांढरा डाग घेऊन येणाऱ्या बायका आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांना नव्या नाहीत. डागाची कड टिकलीच्या कडेला बरोबर जुळते. चिकट टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफिनॉल नावाचं रसायन असू शकतं, आणि रोज तासन्‌तास त्याच जागी ते लागत राहिलं की काहींच्या कातडीतल्या रंगपेशी तिथल्या तिथे मरतात. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पावलावर उमटणारे पांढरे पट्टेही त्याच जातीच्या रसायनांचे. १९३९ साली अमेरिकेत कातडी कमावण्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे हात पांढरे पडले, तेव्हा दोष निघाला रबरी हातमोज्यांमधल्या एका फिनॉलचा, म्हणजे त्याच कुळातल्या एका रसायनाचा. म्हणजे ही गोष्ट वैद्यकाला ८० वर्षांहून जास्त काळ ठाऊक आहे.

तरीही २०१३ मध्ये जपानमध्ये ती पुन्हा घडली, आणि या वेळी फार मोठ्या प्रमाणावर. कानेबो या नामांकित कंपनीने त्वचा उजळवणाऱ्या प्रसाधनांत रोडोडेनॉल नावाचं रसायन वापरलं होतं. २००८ मध्ये त्याला सरकारी मंजुरी मिळालेली होती. पाच वर्षांनी माल बाजारातून परत घ्यावा लागला, कारण गोरं होण्यासाठी लावलेल्या क्रीमने चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर कोडासारखे पांढरे चट्टे उठले. बाधितांची संख्या १९ हजारांच्या पुढे गेली. काहींचा रंग परतला, काहींचा नाही.

असं का होतं, ते नीट पाहायला हवं. आपल्या रंगपेशी टायरोसिन या कच्च्या मालापासून मेलॅनिन हे त्वचेला रंग देणारं द्रव्य बनवतात आणि त्यासाठी टायरोसिनेज हे एन्झाइम वापरतात. काही फिनॉलांची घडण टायरोसिनशी इतकी मिळतीजुळती असते की एन्झाइम फसतं, त्यांनाच प्रक्रियेत ओढतं आणि त्यातून विषारी पदार्थ तयार होतो. शेजारच्या पेशीत हे एन्झाइम नसतं, म्हणून ती सुखरूप राहते. रंग बनवण्याचं कौशल्य असलेली पेशीच तेवढी मरते.

हे विष आधी ओळखता आलं असतं का? मला वाटतं, हो. कारण २००६ सालीच अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात स्टीफन जॉन्सन यांच्या प्रयोगशाळेने असाच एक फिनॉल बोटाच्या पेराएवढ्या माशाच्या पिल्लांवर वापरून दाखवला होता. पिल्लांच्या रंगपेशी मेल्या. पण टायरोसिनेज नसलेल्या पिल्लांना त्याच रसायनाने तसा धक्का बसला नाही. विष कुठून तयार होतं याचा इतका स्वच्छ पुरावा माणसाच्या कातडीवर मिळवायला किती वर्षं गेली असती! पुढची गोष्ट तर अधिक मोलाची आहे. रसायन काढून घेतल्यावर त्या पिल्लांनी नव्या रंगपेशी तयार केल्या.

हा मासा म्हणजे झेब्राफिश. दुकानातल्या काचेच्या टाकीत 'झेब्रा डॅनिओ' म्हणून विकला जाणारा, निळसर पट्ट्यांचा, तीन-चार सेंटिमीटरचा. तो मुळात आपल्याच भागातला. भारत, नेपाळ, बांगलादेशातल्या ओढ्यांत, भातखाचरांत, संथ पाण्यात तो राहतो. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांचं वर्णन करताना फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. प्रयोगशाळेत त्याला मानाची जागा मात्र अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी दिली. जगभरच्या जीवशास्त्रज्ञांनी तो उचलला याचं कारण साधं आहे. अंडं आईच्या पोटाबाहेर वाढतं आणि पारदर्शक असतं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की साधारण २४ तासांनी डोळ्याच्या पडद्यात करडी छटा दिसू लागते. मग पाठीवर काळे ठिपके उमटतात, त्यांना फाटे फुटतात, आणि दुसरा दिवस संपेपर्यंत डोक्यापासून शेपटीपर्यंत ओळीने रंगपेशी बसलेल्या असतात. एकेक पेशी मोजता येते, वाढताना पाहता येते. माणसाच्या जनुकांपैकी सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोड सापडते, हे २०१३ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा स्पष्ट झालं. रंगपेशी घडवणारी जनुकं तर जवळजवळ नावासकट तीच. माणसात ज्या जनुकातल्या दोषाने कपाळावर पांढरी बट आणि बहिरेपणा येतो, त्याचीच माशातली जोड बिघडली की पिल्लू पट्ट्यांशिवाय जन्मतं.

रंग तयार होतो आहे की नाही, हे ज्या अंड्यात इतकं उघड दिसतं, त्याच अंड्याचा उपयोग रंग थांबवणारी रसायनं शोधायलाही होतो. २००७ पासून झेब्राफिशच्या गर्भावर मेलॅनिन कमी करणाऱ्या पदार्थांची चाचणी घेण्याची पद्धत रुळली आहे. वनस्पतींचे अर्क घ्यायचे, अंडी ठेवलेल्या पाण्यात घालायचे, दोन दिवसांनी पिल्लू फिकं झालं का ते पाहायचं. फिकं झालं की यश. मला इथे थांबून विचारावंसं वाटतं की हे यश नेमकं कोणाचं?

वांग आलेल्या बाईला मेलॅनिन आवरणारं सुरक्षित औषध हवं असतं, आणि ते तिला मिळायलाच हवं. त्या शोधाला माझा विरोध नाही. पण निरोगी सावळी त्वचा हा आजार नाही, आणि तिच्यावरचा 'इलाज' शोधणं हे वैद्यकाचं काम नाही. बाजाराला हा फरक करण्याची गरज नसते. जिथे लग्नाच्या जाहिरातीत मुलीच्या शिक्षणाआधी तिचा वर्ण लिहिला जातो, तिथे गोरेपणाला गिऱ्हाईक कायमचं आहे. पाठीवर पांढरे चट्टे असलेल्या शाळकरी मुलाला तेवढं मोठं गिऱ्हाईक समजून कोणी संशोधनाला पैसा लावणार नाही. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. माशावरच्या रंग-संशोधनाला सरकारने भरपूर आणि सातत्याने पैसा द्यावा. पण सार्वजनिक पैशातून होणाऱ्या या कामाचा पहिला हक्कदार कोड, अल्बिनिझम (जन्मतःच मेलॅनिन नसणं किंवा फार कमी असणं) आणि रंगदोषाचे इतर आजार असलेला माणूस असावा, आणि हे अनुदानाच्या अटींतच लिहिलेलं असावं.

या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला शोध कसा लागला ते पाहिलं, तर कोणत्या कामाला पैसा द्यायचा याबद्दलचे आपले आडाखे किती अपुरे असतात तेही कळतं. स्ट्रायसिंगर यांच्या टाक्यांमध्ये 'गोल्डन' नावाचा एक फिक्या पट्ट्यांचा मासा होता. अनेक वर्षं तो केवळ आनुवंशिकतेची खूण म्हणून वापरला गेला. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले कीथ चेंग हे मुळात कर्करोगाचे अभ्यासक. त्यांच्या गटाने या माशात नेमकं कोणतं जनुक बिघडलं आहे ते शोधलं आणि डिसेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध केलं. जनुकाचं नाव एसएलसी२४ए५. पेशीतल्या मेलॅनिनच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये कॅल्शियम, सोडियम यांची ये-जा सांभाळणारं प्रथिन त्यापासून बनतं. फिक्या माशाच्या अंड्यात माणसाच्या या जनुकाचा संदेश टोचला, तर पिल्लाचा रंग गडद झाला. मग त्यांनी माणसांकडे पाहिलं. युरोपातल्या जवळजवळ सगळ्यांमध्ये या प्रथिनातलं १११ व्या जागचं एक अमिनो आम्ल बदललेलं निघालं. आफ्रिकी आणि युरोपीय वंशाच्या लोकांच्या वर्णात जो फरक दिसतो, त्यातला अंदाजे २५ ते ३८ टक्के भाग त्यांच्या मते या एका बदलातून येतो.

याची बातमी 'गोरेपणाचं जनुक सापडलं' अशी झाली. त्यात हरवलं ते असं, की हाच बदल आपल्याकडेही मोठ्या प्रमाणावर आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या कुमारसामी थंगराज यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की भारतीयांमध्ये सापडणारा बदल आणि युरोपीयांमधला बदल एकाच पूर्वजापासून आलेला आहे, आणि भारतभर तो कमीजास्त प्रमाणात विखुरलेला आहे. वायव्येकडे जास्त, दक्षिण आणि पूर्वेकडे कमी. एकाच आईच्या पोटची एक मुलगी उजळ आणि दुसरी सावळी का, याचं एक कारण इथे आहे. एका प्रथिनातल्या एका जागेवरचा हा फरक. त्याच्यावर आपण कुळ, संस्कार, जात, नशीब असं किती काय काय रचलं आहे! हे पाठ्यपुस्तकात यायला हवं होतं. दहावीच्या आनुवंशिकतेच्या धड्यात मेंडेलच्या वाटाण्यांशेजारी या माशाची गोष्ट घातली, तर वर्गातल्या प्रत्येक मुलाला आपल्या हाताकडे बघून ती समजेल.

याच जनुकातला मोठा बिघाड माणसात अल्बिनिझमचा एक प्रकार घडवतो, हेही २०१३ मध्ये समोर आलं. इथे मासा खरोखर माणसाच्या उपयोगी पडू शकतो, आणि इथेच आपली व्यवस्था सर्वांत तोकडी आहे.

अल्बिनिझम म्हणजे फक्त पांढरे केस आणि गुलाबी कातडी, असं बहुतेकांना वाटतं. मेलॅनिन नसल्यामुळे डोळ्याचा पडदा नीट घडत नाही, मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टीच्या नसांची वाट चुकते, बुबुळं हलत राहतात. मूल वर्गात फळा वाचू शकत नाही आणि त्याला मठ्ठ ठरवलं जातं. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यांत अल्बिनिझमचं नाव नाही. दृष्टी पुरेशी कमी भरली तर त्या खात्यातून प्रमाणपत्र मिळतं, कातडीचा त्रास हिशेबात येत नाही. उन्हापासून वाचवणारं सनस्क्रीन या मुलांसाठी औषध आहे, कारण त्याविना त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढत जातो. आपल्या कायद्यात मात्र ते सौंदर्यप्रसाधन. शेतमजुराच्या घरात असं मूल जन्मलं, तर दर महिन्याला ती ट्यूब कोण विकत घेणार?

अल्बिनिझम सगळा एकसारखा नसतो. वेगवेगळ्या जनुकांतल्या दोषांनी त्याचे सात-आठ प्रकार होतात आणि त्यापलीकडे काही फार धोकादायक आजार बाहेरून अगदी तसेच दिसतात. हरमान्स्की-पुडलाक या विकारात रंग कमी असतोच, शिवाय रक्त लवकर थांबत नाही. दाढ काढायला गेलेल्या मुलाच्या जिवावर बेतू शकतं. चेडियाक-हिगाशी आणि ग्रिसेली या विकारांत केसांना चंदेरी झाक असते आणि प्रतिकारशक्ती ढासळलेली असते. वेळेत निदान झालं तर अस्थिमज्जा रोपणाचा मार्ग असतो. म्हणजे नेमकं कोणतं जनुक बिघडलं आहे हे कळणं ही निव्वळ कुतूहलाची बाब नाही.

आता जनुकचाचणी करता येते. पण अहवालात वारंवार एक वाक्य येतं: बदल आढळला, अर्थ अनिश्चित. हे वाक्य आपल्या लोकांच्या वाट्याला जास्त येतं, कारण तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या जगभरच्या माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाची माणसं फार आणि आपण थोडे. जीनोम इंडिया प्रकल्पात सुमारे १० हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते संशोधकांसाठी खुले झाले, ही मोठी गोष्ट आहे. तरीही एखादा बदल दुर्मीळ आहे इतकंच त्यातून कळेल. तो अपाय करतो का, हे कळण्यासाठी जिवंत पेशीत करून पाहावं लागतं. चेंग यांनी केलं तेच: फिक्या पिल्लाच्या अंड्यात माणसाचं निरोगी जनुक घालायचं, दुसऱ्या अंड्यात रुग्णाच्या बदलासहचं घालायचं, दोन-तीन दिवस थांबायचं. पहिल्यात रंग परतला आणि दुसऱ्यात नाही, तर त्या आईबापांना निदान एक उत्तर देता येतं.

ही सोय आपल्या आवाक्यातली आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झेब्राफिशच्या त्वचेवर वर्षानुवर्षं काम चाललं आहे, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हा मासा आहे, दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकसंचांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत तर झेब्राफिश, रंगपेशी आणि कोड या तिन्हींचे अभ्यासक एका छताखाली काम करत आले आहेत. एका बाजूला या टाक्या आणि दुसऱ्या बाजूला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे त्वचा आणि नेत्र विभाग. मधला रस्ता मात्र कोणी बांधलेला नाही. रंगदोषाचा अनिश्चित अहवाल घेऊन आलेल्या कुटुंबाचा नमुना ठरलेल्या मुदतीत, विनामूल्य, अशा प्रयोगशाळेत तपासला जाईल अशी कायमची सेवा उभारायला हवी. त्यासाठी वेगळी माणसं आणि वेगळा पगार हवा. पीएचडी करणाऱ्या मुलांच्या फावल्या वेळावर ते ढकलून चालणार नाही.

कोडाच्या बाबतीत मात्र माशाकडून किती अपेक्षा करायची याचं भान ठेवलं पाहिजे. कोड हा एका जनुकाचा आजार नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उठते, आणि पहिल्या काही आठवड्यांच्या पिल्लात ती प्रतिकारशक्ती पुरती घडलेलीच नसते. कोडासाठी अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये मान्यता मिळालेलं रुक्सोलिटिनिबचं मलम आलं ते उंदीर आणि माणसांवरच्या अभ्यासातून. श्रेय माशाला देता येणार नाही. मासा कामी येतो तो पुढच्या प्रश्नाला. हल्ला थांबला, आता रंग परत कसा आणायचा? प्रकाशोपचार घेणाऱ्या रुग्णाच्या पांढऱ्या डागात रंग परततो तेव्हा तो सलग येत नाही. केसांच्या मुळांभोवती बारीक तपकिरी ठिपके उमटतात आणि हळूहळू एकमेकांना मिळतात, कारण रंगपेशींचं बियाणं केसाच्या मुळाशी शिल्लक असतं. बोटांची टोकं, ओठ, जिथे केसच नाहीत, तिथे उपचार हरतात. माशात हे बियाणं मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींपाशी असतं, आणि ते कशाने जागं होतं, वाट काढत कातडीपर्यंत कसं येतं, हे जिवंत प्राण्यात पाहता येतं. रंग मारणाऱ्या रसायनांच्या शोधावर जेवढी अंडी खर्ची पडतात, त्यातली निम्मी तरी या कामाकडे वळावीत, एवढंच माझं मागणं आहे.

कोडाची आनुवंशिकता हा आपल्याकडे लग्नाचा विषय होतो, म्हणून तिथलं विज्ञान स्पष्ट सांगणं मला आवश्यक वाटतं. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे, तो स्पर्शाने पसरत नाही. एकाच गर्भातून झालेल्या, जनुकं तंतोतंत सारखी असलेल्या जुळ्यांत एकाला कोड असेल, तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण एका मोठ्या अभ्यासात २३ टक्के निघालं. सख्ख्या भावंडांत ते सहा-सात टक्क्यांच्या आसपास. काकूला कोड आहे म्हणून पुतणीचं ठरलेलं लग्न मोडणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी उभ्या केलेल्या श्वेता असोसिएशनला कोड असलेल्यांसाठी वेगळे वधूवर मेळावे भरवावे लागतात, यात त्या संस्थेचं मोठेपण आहे आणि बाकी समाजाची नामुष्की.

गरीब देशाने माशांच्या पट्ट्यांवर पैसा का उधळायचा, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. खरं तर हा प्राणी स्वस्तातला. छोट्या खोलीत हजारो मासे राहतात, एक मादी एका वेळी शंभर-दोनशे अंडी देते, तीन महिन्यांत नवी पिढी तयार. प्राण्यांच्या छळाचा आक्षेप जास्त गंभीर आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्या प्राण्यांवर करायला भारताने २०१४ मध्ये बंदी घातली आणि ते योग्यच झालं. पण मी म्हणतो त्या चाचण्या पहिल्या पाच दिवसांत, पिल्लू स्वतः खाऊ लागण्याच्या आत संपतात. युरोपीय संघाच्या कायद्यातही संरक्षण त्या टप्प्यानंतर सुरू होतं. आपल्या नियमांत या टप्प्याबद्दल स्वच्छ तरतूद करून, त्वचेवर राहणाऱ्या प्रत्येक नव्या फिनॉलयुक्त पदार्थाची रंगपेशींवरची चाचणी सक्तीची करता येईल. टिकलीचा गोंद त्यात आला पाहिजे, केसांचा कलप आला पाहिजे, आणि उजळपणाचं क्रीम तर सर्वांत आधी.

क्रीमच्या बाबतीत दिरंगाई परवडणारी नाही. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात उजळपणाच्या क्रीममधल्या पाऱ्याने मूत्रपिंडं खराब झालेले रुग्ण सापडले. पारा रंग उतरवतो, कारण टायरोसिनेजला चालण्यासाठी जे तांबं लागतं त्याची जागा तो बळकावतो. आणि १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय कायदा पाहा. ज्या आजारांवरच्या उपचारांची जाहिरात करायला त्यात मनाई आहे, त्या यादीत पांढऱ्या डागांचं नाव आहे. तरीही 'कोड मुळापासून बरा' हे रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर रंगवलेलं असतं. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने या यादीत त्वचेचा गोरेपणा घालण्याचा मसुदा काढला. त्याच वर्षी जुलैमध्ये एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातला 'फेअर' जाऊन तिथे 'ग्लो' आला. नाव बदललं आणि मसुदा मसुदाच राहिला.

तो मसुदा कायदा व्हावा, अल्बिनिझमचा दिव्यांगांच्या यादीत स्वतंत्र समावेश व्हावा, सनस्क्रीन या मुलांना सरकारी दवाखान्यात फुकट मिळावं. आणि जैवतंत्रज्ञान विभाग, विज्ञान-तंत्रज्ञान विभाग किंवा आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांच्याकडे रंगपेशींवरच्या संशोधनाचा प्रस्ताव येईल, तेव्हा त्यात एक रकाना सक्तीचा असावा: या कामातून जे हाती लागेल ते कोणत्या आजाराच्या रुग्णाला, कोणत्या रुग्णालयातून, किती खर्चात मिळेल. हा रकाना रिकामा ठेवून केवळ 'त्वचा उजळवणारा नैसर्गिक अर्क' शोधू पाहणाऱ्यांनी आपला खर्च बाजारातून उभा करावा.